रिकाम्या बादलीचा आळ

आमच्या ताई म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. लाँड्रीत रफू करतात. कपडा उंदरानं कुरतडलेला असो, इस्त्रीनं जळलेला असो, ताई त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतले धागे काढतात आणि ते भोक असं भरून टाकतात की ज्याचा कपडा त्यालाच ते सापडत नाही. इथवर ठीक आहे. मलाही कौतुक आहे. पण माणसानं घरी येताना काम कामावर ठेवून यावं की नाही? ताईंना कुठेही काही फाटलेलं, फुटलेलं, संपत आलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायला लागतात. आणि अशा ताई राहायला आल्या त्या नेमक्या आमच्याकडे.

त्या राहायच्या ती इमारत पाडायला काढली होती. हे म्हणाले, "ताई थोडे दिवस आपल्याकडे येईल." थोडे म्हणजे किती, ते मी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. ताई एक ट्रंक, शिवणाचा डबा आणि रिकाम्या बरण्यांचं एक पोतं घेऊन आल्या. चहासुद्धा घेतला नाही. आल्या तशा थेट ओट्याखाली वाकल्या आणि आमची कचऱ्याची बादली ओढून बाहेर काढली.

"अगं, एवढी मोठी? हिच्यात माणूस अंघोळ करेल!"

"कचरा भरायला लागते ना, ताई."

"कसला कचरा?" असं म्हणून त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि बादली उपडी केली. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या संसाराचा पंचनामा! बटाट्याची सालं एकीकडे, पावाच्या कडा एकीकडे, ह्यांचं फाटकं बनियन एकीकडे. प्रत्येक वस्तू उचलून त्या माझ्याकडे असं बघत होत्या, जशी काही मी जिवंत माणसं टाकून दिली होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात काहीही मरेनासं झालं. त्या बनियनचंच सांगते. आधी त्याला रफू झालं. रफू फाटल्यावर ते ओटा पुसायला लागलं. ओट्यावरून त्याची बदली सायकलवर झाली, सायकलीनंही नको म्हटल्यावर ते चिंध्या होऊन उशीत गेलं. ह्यांना पाणीपट्टीच्या कचेरीत इतक्या वर्षांत जेवढ्या बढत्या मिळाल्या नाहीत, तेवढ्या त्या बनियनला ताईंच्या हाताखाली मिळाल्या. टूथपेस्ट संपली असं तुम्ही-आम्ही म्हणतो. ताई ती नळी कात्रीनं उभी चिरायच्या आणि आम्हाला आतून बोट फिरवायला लावायच्या. साबणाचे उरलेले तुकडे एकमेकांना चिकटवून त्यांचा एक रंगीबेरंगी गोळा व्हायचा, तो हातात घेतला की सुटून न्हाणीघरभर पळायचा. भाजीची सालं गॅलरीत, मोडक्या कपाटाच्या ड्रॉवरमध्ये, मातीच्या थरांखाली. मी म्हटलं, आता घाण सुटणार. कसली सुटते! मेली काळीभोर भुसभुशीत माती झाली आणि तिच्यातून न बोलावता एक टोमॅटोचं रोप वर आलं. मला तर त्या रोपाचाही राग आला.

आणि केस! कंगव्यात अडकलेले माझे केस ताई जमवायच्या आणि टाचण्यांच्या उशीत भरायच्या. "केसांत सुई गंजत नाही," म्हणायच्या. आता तुम्हीच सांगा, आपली नणंद रोज आपल्या केसांत सुया खुपसते हे कुठल्या भावजयीला ऐकवेल?

दुकानात त्या घरचे डबे घेऊन जायच्या. तेल बाटलीत, साखर डब्यात, बिस्किटं बरणीतली सुटी. पुड्यातली बिस्किटं घ्यायच्या नाहीत म्हणजे नाहीत. ताईंना लांबून येताना पाहिलं की दुकानदार आत जाऊन उगाच माळ्यावर चढायचा. चुकून घरात आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या ताई धुऊन, चिमटे लावून दोरीवर वाळत घालायच्या. समोरच्या दारात पोस्टमन राहतात, त्यांची बायको रोज विचारायची, "काय हो, आज कुणाकुणाला अंघोळ घातली?"

मी ह्यांच्याकडे तक्रार करायची. हे म्हणायचे, "बघू." ह्यांना दोनच उत्तरं येतात, एक "बघू" आणि दुसरं "बघू या". घर चकाचक झालं होतं, खर्च कमी झाला होता, ओट्याखालचा वास कायमचा गेला होता, हेही खरं. पण ते मी ताईंना कशाला सांगू? डोक्यावर बसायच्या.

तर अशी आमची बादली रिकामी पडायला लागली. सकाळी कचऱ्याची गाडी यायची. गाडीवरच्या मावशी भारी फटकळ. त्यांनी आमची बादली हातात घेतली, उलटी केली, बुडावर थाप मारली. "का गं, घरात चूल पेटते का नाही तुमच्या?" पुढे पुढे त्या आमच्या दारापुढे थांबेनाशाच झाल्या. मला तेव्हा काय माहीत की रिकामी बादली ही एवढी महागात पडणारी वस्तू आहे!

आता सिस्टरबद्दल सांगायला पाहिजे. सिस्टर म्हणजे आमच्या घरमालकीण. खालच्या मजल्यावर राहतात. सरकारी दवाखान्यात हेड नर्स होत्या. अख्ख्या वस्तीत सिस्टरनी इंजेक्शन टोचलं नाही असा माणूस नाही, त्यामुळे त्या दिसल्या की सगळे आपोआप ताठ उभे राहतात. त्यांचे यजमान म्हणजे मिस्टर. घराची कागदपत्रं मिस्टरांच्या नावावर आहेत, बाकी त्यांच्या नावावर काही नाही. मिस्टरांना साखरेचा आजार, म्हणून सिस्टर त्यांचा चहा, त्यांचं ताट, त्यांचे खिसे, इतकंच काय स्वतःच्या घरातली कचऱ्याची बादलीसुद्धा तपासतात. गोड वस्तूचा कागद सापडला की संपलं. बिचाऱ्यांना दोन कामं नेमून दिलेली, सकाळी फेरी मारून यायची आणि पाण्याचा पंप लावायचा.

तर झालं असं, की जिन्याखाली, पंपाच्या बटणाशेजारच्या कोपऱ्यात कुणीतरी कचऱ्याच्या पिशव्या टाकायला लागलं. छोट्या, घट्ट गाठ मारलेल्या. आज एक उचलावी, तर परवा दुसरी हजर. मुंग्यांची रांग तिथून निघून थेट सिस्टरच्या बिछान्यापर्यंत गेली. झालं! सिस्टर कमरेवर हात ठेवून वर आल्या. ताई कामावर गेल्या होत्या, नशीब.

"तुमची बादली दाखवा."

मी दाखवली. स्वच्छ, कोरडी.

"वाटलंच मला. पोस्टमनच्या बादलीत कचरा आहे. माझ्या बादलीत आहे. तुमचीच तेवढी रिकामी. मग तुमचा कचरा जातो कुठं?"

"होतच नाही हो, सिस्टर."

"माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. खाल्लं आणि बाहेर काहीच पडलं नाही, तर माणूस एक तर आजारी असतो नाही तर खोटारडा. तुम्ही तिघं मला आजारी दिसत नाही."

"एकदा त्या पिशव्या उघडून तरी बघा!"

"मी? आयुष्यभर लोकांचं सगळं उचललं. आता निवृत्तीनंतर नाही." मग त्यांनी निकाल सांगितला. महिनाअखेरपर्यंत आमच्या बादलीत रोज कचरा दिसला पाहिजे आणि जिन्याखाली दिसता कामा नये. नाही तर खोल्या खाली करा.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. दोनच खोल्या, पण उजेडाच्या. ह्यांची कचेरी चालत जाण्यासारखी, पाणी दिवसभर. अशी जागा दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. आणि खरी पंचाईत ताईंची. आपल्यामुळे कुणाला त्रास होतोय असा नुसता संशय आला तरी त्या ट्रंक उचलून चालू लागतील आणि जाणार कुठं? लाँड्रीच्या मागच्या खोलीत, वाफेत आणि ओल्या कपड्यांत. म्हणून मी ठरवलं, ताईंच्या कानावर हे जाऊ द्यायचं नाही. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघू."

म्हटलं, तुम्ही बघत बसा. मी एक रिकामं भांडं घेऊन समोर पोस्टमनच्या दारात गेले.

"थोडा कचरा देता का?" मी विचारलं.

पोस्टमनच्या बायकोला वाटलं मी साखरच मागतेय. ती वाटी आणायला वळलीसुद्धा. मग थबकली. "काय देऊ?"

"कचरा. घरातला संपलाय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. पण बाई सज्जन. तिनं आत जाऊन चांगला निवडून कचरा दिला. अंड्याची टरफलं, झाकणाचा डबा, एक फुटका मग, एक भोक पडलेला मोजा. वर म्हणाली, "परत नाही केला तरी चालेल हं." मी तो आमच्या बादलीत छान पसरून ठेवला. सगळ्यात वर टरफलं, दिसायला भरगच्च. किती दिवसांनी आमची बादली चारचौघांच्या बादलीसारखी दिसत होती! मी निवांत झोपले.

सकाळी उठून बघते तर बादली रिकामी. टरफलं चुरून टोमॅटोच्या बुडाशी. मगाला डिंकानं जोडून त्यात पेन्सिली. डब्यात बटणं. आणि ताई डब्याशेजारी बसून मला समजावतायत, "अगं, तुला कितीदा सांगितलं, असं काही टाकत जाऊ नकोस. तू अलीकडे फार विसरायला लागलीस."

कपाळावर हात मारून घेतला. मोजा कुठं गेला ते बघायचं मला सुचलंच नाही. तो रफू होऊन ह्यांच्या पायात गेला होता. जिन्यात पोस्टमन ह्यांच्या समोर आले, खाली बघितलं, थांबले. पिवळ्या पट्ट्यांचा मोजा, दुसऱ्या पायात तपकिरी. पोस्टमन म्हणाले, "साहेब, हा माझा डावा." हे म्हणाले, "बघू." आणि तिथेच जिन्यात बसून मोजा काढायला लागले. तेवढ्यात पोस्टमनना ते रफू दिसलं, म्हणजे दिसलं नाही, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी आणखी मोज्यांचा ढीग आणून ताईंपुढे ठेवला. म्हणजे मी कचरा मागायला गेले आणि समोरच्यांचाही कचरा कमी करून आले. डोंबल माझं!

मग मी डोकं चालवलं. ताईंना ज्याचं काहीच करता येणार नाही असा कचरा आणायचा. टाचण्यांची उशी तर केव्हाच भरून टम्म झाली होती. तेव्हा केस! कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "किती हवेत?" मी म्हटलं, "बादलीभर." त्यानं काही विचारलं नाही, त्याच्याकडे येणारी माणसं याहून विचित्र बोलत असावीत. ताई आंघोळीला गेल्याबरोबर मी बादली भरली आणि सिस्टरना हाक मारली. या म्हटलं, बघा एकदाचा आमचा कचरा.

सिस्टर चष्मा लावून आल्या. सोबत लांब चिमटा. चिमट्यानं एक बट वर उचलली.

"हे कुरळे कुणाचे?"

त्यांनी दुसरी बट उचलली.

"हे पांढरे? हे लाल रंगवलेले? आणि ही दाढी आहे. दाढी!" सिस्टरचा आवाज चढला. "वर किती माणसं ठेवलीत तुम्ही? माझ्या घरात पोटभाडेकरू? कचरा तर टाकताच, वर ही धर्मशाळा उघडलीत? महिनाअखेर वगैरे काही नाही. रविवारी खोल्या खाली करा! त्या रिकाम्या बादलीचं नाटक आता मला कळलं. एवढ्या माणसांचा कचरा, तो मावणार कुठं? म्हणून जिन्याखाली!"

हे सगळं सांगताना त्यांचा आवाज वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईल असा लागला होता. मी मागे वळून बघितलं तर न्हाणीघराच्या दारात ताई उभ्या. हातात तो साबणाचा गोळा. सगळं ऐकलं होतं त्यांनी. केस पुसत आत गेल्या आणि कामाला निघून गेल्या.

मला वाटलं, भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. रविवारी सकाळी मी उठले तर त्यांची ट्रंक दाराशी, वर बरण्यांचं पोतं, दोरीनं आवळून बांधलेलं. ताई मात्र दिसेनात. तेवढ्यात खालून आरोळी आली.

"सापडली! रंगेहाथ सापडली!"

मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. ताई जिन्याखाली वाकलेल्या, दोन्ही हातांत त्या पिशव्या. समोर सिस्टर. मागे मिस्टर. पोस्टमन आणि बायको अर्ध्या जिन्यात.

"मी टाकत नाहीये, उचलतेय," ताई म्हणाल्या. "माझ्यामुळे आळ आला ना यांच्यावर. म्हटलं, जाता जाता एवढं साफ करून जावं."

"कोण विश्वास ठेवेल?" सिस्टर कडाडल्या.

आता दुसरं कुणी असतं तर पिशव्या खाली ठेवल्या असत्या, रडलं असतं, शपथा घेतल्या असत्या. पण ताईंच्या हातात गाठ मारलेली पिशवी होती, आणि आत काय आहे, ते कशाला उपयोगी पडेल, हे बघितल्याशिवाय त्यांना राहवेल का? सिस्टर ओरडत होत्या आणि ताईंची बोटं आपोआप गाठ सोडवत होती. पिशवी उघडली. आत नुसते चकचकीत कागद. क्रीमच्या बिस्किटांचे पुडे, चॉकलेटच्या चांद्या, केकच्या कागदी वाट्या. त्या वाट्या बोटानं पुसून घेतलेल्या.

ताईंनी मान वर केली. मिस्टर त्यांच्याकडे बघत होते. त्या माणसाचं तोंड बघितलं असतंत तर तुम्हालाही भडभडून आलं असतं. इंजेक्शनच्या रांगेत पहिला नंबर लागलेलं पोर दिसतं तसे दिसत होते.

ताईंनी पिशवी पुन्हा बंद केली. म्हणाल्या, "माझेच आहेत कागद. मीच टाकले. आता जाते मी, पण भावाला आणि हिला राहू द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय बोलताय, ताई? तुमचे? तुम्ही? अहो सिस्टर, या बाईनं जन्मात बिस्किटाचा पुडा विकत आणला नाही! दुकानदार यांना बघून माळ्यावर चढतो! या क्रीमच्या बिस्किटाचा कागद टाकतील? यांच्या हाती लागला असता तर आज त्याचा लँपशेड झाला असता!"

"खरं आहे," पोस्टमन जिन्यातून म्हणाले. "माझे मोजे बघा."

"तुम्ही गप्प बसा," सिस्टर म्हणाल्या. पण त्यांचा आवाज उतरला होता. त्या पिशवीकडे बघत होत्या. मग पंपाच्या बटणाकडे. मग हळूच मागे वळल्या.

मिस्टर म्हणाले, "मी खाल्ले."

सिस्टरचे हात कमरेवरून खाली आले.

"फेरीला जातो तेव्हा आणतो. स्वेटरच्या आत. पंप लावायला आलो की इथं अंधारात खातो. घरी कागद नेले तर तू बादली बघतेस. रस्त्यात टाकावे तर सगळे तुझे पेशंट." त्यांनी ताईंकडे बोट दाखवलं. "ही बाई माझ्यासाठी घर सोडायला निघाली. मला ते बघवत नाही."

आम्हाला वाटलं, आता सिस्टर मिस्टरांचं काही खरं ठेवत नाहीत. सिस्टरनी काय करावं? पुढे झाल्या, मिस्टरांचं मनगट धरलं आणि नाडी बघायला लागल्या. डोळे भरलेले आणि ओठ मोजतायत. "मरायचंय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मला एकटीला ठेवून मरायचंय?"

"एखादं बिस्किट घरात, बसून खाऊ दिलं असतंस," मिस्टर म्हणाले, "तर मला पुडा लागला नसता गं."

सिस्टरनी त्यांना हाताला धरून आत नेलं. दारातून मागे वळल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खोल्या राहू देत तुमच्याकडे." मग थांबून, "पण ती दाढी कुणाची होती?"

"सलूनची," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मला हसू आवरेना. पायरीवर बसून हसले. पोस्टमनची बायको हसायला लागली. आणि बघते तर ताई वर जाऊन ट्रंक घेऊन खाली येतायत. मागे हे, बरण्यांचं पोतं छातीशी धरून.

"आता कुठं निघालात?"

"जाते गं. आज हे मिटलं, उद्या दुसरं निघेल. माझ्यामुळे तुला दारोदार कचरा मागायची वेळ आली. मला काही दिसत नाही असं नाही. मी तुला जड झालेय."

एवढ्या शांतपणे बोलल्या की मला काय करावं कळेना. मग मी भडकले. माझं असंच होतं, रडू यायला लागलं की आधी राग येतो.

"जड झालात! झालातच! सकाळ-संध्याकाळ डोकं उठवता माझं! पण मी कचरा मागितला तो तुम्ही जाऊ नये म्हणून मागितला, समजलं? फुटका मग घरात राहतो, लोकांचे मोजे घरात राहतात आणि माझी नणंद तेवढी बाहेर जाणार? मला तुम्ही हव्या आहात. आता बोलले ना तोंडानं? झालं समाधान? अहो, तुम्ही काय पोतं धरून उभे आहात? वर!"

हे बघू म्हणाले नाहीत. मुकाट्यानं वळून वर गेले. मी ताईंच्या हातातून ट्रंक ओढली आणि ह्यांच्या मागोमाग चढले. घरात आल्यावर ह्यांच्या हातातलं पोतं ओढून जमिनीवर ठेवलं, डोळे पुसले, ओट्यावरची कात्री घेतली आणि दोरीला लावणार, तेवढ्यात मागून आलेल्या ताईंनी माझा हात धरला.

"कापू नकोस गं," म्हणाल्या, "सुटेल ती."

गाठ भारी घट्ट होती. एका बाजूनं त्या, एका बाजूनं मी, दोघी जमिनीवर बसून नखांनी ती सोडवत राहिलो.